पिवळीच राहिलेली अंडी

"अंड्यांना डोळे कुठे असतात?" मी सासूबाईंना तोंडावर म्हटलं होतं.

रेशीमकिड्यांचा एक वाण त्यांनी चाळीस वर्षं जपला होता. दुसऱ्या कुणाकडे तो उरला नव्हता. अंडी उबवायच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत दिवा हवाच, हा त्यांचा दंडक. "अंड्यात असताना दिवस मोठा मिळाला, तरच त्या किड्याची मादी पुढे जी अंडी घालते ती हिवाळाभर झोपतात. नाहीतर दहा दिवसांत फुटतात. तेव्हा पाला कुठून आणायचा?"

अंडी माडीवर ठेवलेली असत आणि माझी तान्ही त्याच खोलीत झोपायची. दिवा असला की नुसती किरकिर! सासूबाईंना गुडघ्यांमुळे माडी चढवत नसे, म्हणून मी सातलाच दिवा मालवायचे.

अळ्या निघाल्या, खाऊन टरारल्या, कोष झाले. सगळं झकास! म्हातारीचं आपलं काहीतरीच, मी मनात म्हटलं.

माद्यांनी कागदावर अंडी घातली, तोवर बाहेरच्या तुतीची पानं झडली होती. ताजी अंडी पिवळी असतात, झोपायची असली की तिसऱ्या दिवशी काळपट होतात. चौथा दिवस उजाडला तरी पिवळीधमक. मी कागद खाली सासूबाईंकडे नेला.

त्या भिंग घेऊन तासभर वाकून बसल्या. "दिवा किती वाजता मालवायचीस गं?"

"नऊला. घड्याळ बघून!"

"तू म्हणतेस ना, मग गारठ्यानंच उशीर होत असेल. थांबू."

आठव्या दिवशी प्रत्येक अंड्यात काळा ठिपका दिसला. सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं, दहादा गिळलं. माझीच मला लाज वाटत होती.

दहाव्या सकाळी कागद हलत होता. केसाएवढ्या काळ्या अळ्या, हजारो, माना उंचावून पान शोधत होत्या.

सासूबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आई, मी सातला मालवायचे," मी म्हणाले.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "माझ्या बहिणीकडे बारा महिने पाला असतो. तीन दिवसांचा प्रवास. अंडी पोचली असती, या नाही पोचणार. विचारलं तेव्हा सांगितलं असतंस, तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळच्या गाडीनं निघाले असते."

मग त्या कागदाजवळ बसल्या. कागद हलायचा थांबेपर्यंत, दोन दिवस, तिथून उठल्या नाहीत.