तिच्या हाताची मूठ

त्या सकाळी माझ्या बायकोचे छर्रे उजवीकडे पडू लागले तेव्हा मी रेंजवरच्या मागच्या बाकावर चहा पीत बसलो होतो. मला नेमबाजीतलं फारसं कळत नाही. मी सुतार आहे, दारं-खिडक्या करतो. पण कागदावरच्या काळ्या वर्तुळात मधोमध छर्रा लागला की ती खांदे जरा सैल सोडायची, आणि चुकला की जिभेने गालाला आतून टोचायची, एवढं मला लांबून ओळखता यायचं. त्या दिवशी ती सारखी गाल टोचत होती.

मास्तर तिच्या मागे येऊन उभे राहिले. ते क्लबातले प्रशिक्षक. वय झालेलं, एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्यांशी जरा मोठ्यानेच बोलतात.

“बोट फार आत जातंय तुझं,” ते म्हणाले. “पहिल्या पेराचा मऊ भाग चापावर टेकला पाहिजे. तू सांध्याने ओढतेयस. मग नळी उजवीकडे जाणारच की.”

“बोट तेच आहे, मास्तर. इतकी वर्षं तिथंच ठेवतेय.”

“मग हात बदलून आणलास का कुठून?”

ती हसली आणि मला हाक मारली. “मिस्त्री, या इकडे. तुमचं लाकूड आटलंय बघा.”

पिस्तुलाची मूठ मीच केलेली होती, अक्रोडाच्या लाकडाची, तिच्या हाताच्या मापाने. अशी मूठ हातमोज्यासारखी बसावी लागते. मी तिच्या तळव्याकडे वाकून पाहिलं, तर लाकूड आणि हात यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसत होता. खिशातल्या पेन्सिलीचं टोक मी त्या फटीत घातलं. ते आत गेलं.

“हवा कोरडी आहे,” मी म्हणालो. “आटतं कधी कधी.”

लाकूड आटतं हे खरं, पण इतकं नाही. ते मला माहीत होतं आणि माझ्या तोंडाकडे बघून तिलाही कळलं असावं. तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि हात वर केला. मनगटावरचं घड्याळ घसरत पार कोपराजवळ गेलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी समोर बसवून सगळं सांगितलं. पण आम्हाला कळलं ते त्या सकाळी, कागदावर.

ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. मान खाली घालून दिवसभर बारीक स्क्रू फिरवायचे. नेमबाजांच्या चष्म्याची एक काच द्यायला एकदा या क्लबात आली आणि मास्तरांनी सहज तिच्या हातात पिस्तूल दिलं. तिचा हात हलला नाही. लेक तेव्हा शिकायला बाहेर पडली होती, संध्याकाळी घर रिकामंच असायचं. ती जायला लागली, आणि मी सोबत जाऊन बाकावर बसायला लागलो.

घरी ती मला समजावून सांगायची. भाजी चिरता चिरता सुरी बाजूला ठेवायची आणि लाटणं धरून दाखवायची. “हे बघा, हात जितका वर सरकवता येईल तितका वर. अंगठ्याच्या बेचक्यात मागची बाजू घट्ट बसली पाहिजे. धरायचं ते या तीन बोटांनी. अंगठा पाहुणा. त्याने नुसतं बसायचं, कामाला हात लावायचा नाही.”

“आणि हे चापावरचं?”

“ते वेगळं राहायला गेलेलं. बाकीच्यांच्या भांडणात पडत नाही. लाकडाला बाजूने चिकटायचं नाही, फक्त सरळ मागे यायचं. हळू. इतकं हळू की छर्रा कधी सुटला ते आपल्यालाच कळू नये.”

“म्हणजे तुझ्या आईसारखं. कधी आली, कधी गेली, पत्ताच नाही.”

“लाटणं हातात आहे माझ्या, मिस्त्री.”

डॉक्टरांकडे जाणं सुरू झालं तरी तिने रेंज सोडली नाही. हात बारीक होत गेला तशी मी मुठीत लांबी भरत गेलो. लांबी म्हणजे पुट्टी, लाकडाच्या भेगा बुजवायला वापरतो तीच. दोन ट्यूबमधून काढून एकत्र मळायची, मुठीच्या आत थापायची, मग माणसाने हाताला तेल लावून ती मूठ धरायची आणि ती घट्ट होईपर्यंत तसंच बसायचं. नंतर वर आलेल्या कडा कानशीने घासायच्या आणि पॉलिशपेपर मारायचा. एवढं केलं की लांबी हाताला टोचत नाही.

प्रत्येक वेळी लांबी भरली की छर्रे पुन्हा मधे यायचे. ती कागद घरी घेऊन यायची आणि स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवायची. “तुमचं काम,” म्हणायची. मला फार बरं वाटायचं. डॉक्टरांच्या कामात मला करण्यासारखं काही नव्हतं. हे एक होतं.

शेवटची लांबी आम्ही एका दुपारी भरली. ती टेबलाशी बसली, हाताखाली उशी घेऊन, कारण हात वर धरवत नव्हता. मी समोर बसलो.

“नाकाला खाज आली,” ती म्हणाली.

“डाव्या हाताने खाजव.”

“डावा कंटाळलाय. तुम्ही खाजवा.”

मी खाजवलं. लांबी घट्ट झाल्यावर तिने हात सोडवून घेतला. “कडा तेवढ्या घासा. बोटाला लागतायत,” ती म्हणाली.

“आज ओली आहे. उद्या घासतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथून ती घरी आली नाही.

नंतर लेक येऊन राहिली आणि गेली. आता ती रोज फोन करते.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो.”

“खरं सांगा.”

“अगं जेवलो म्हणतो ना.”

“आणि ते पिस्तूल अजून घरातच आहे का? देऊन टाका ना कुणाला तरी.”

“ते छऱ्याचं आहे. कागद फाटतो त्याने फक्त.”

“तरी पण. एकटे असता तुम्ही.”

तिला काय म्हणायचं होतं ते मला समजलं. तसं काही माझ्या मनात नव्हतं. पण ते तिला सांगायचं कसं, ते मला कळेना, म्हणून मी हो म्हणालो.

त्यानंतर मास्तर घरी आले, आणि त्यांच्यासोबत पोस्टातली. तिला क्लबात सगळे पोस्टातलीच म्हणतात. खिडकीवर बसून दिवसभर शिक्के मारते, आणि तिचे हात एखाद्या पैलवानाचे असावेत तसे आहेत. रेंजवर ती माझ्या बायकोच्या शेजारी उभी राहायची.

मास्तर सरळ मुद्द्यावर आले. “बायकांचा तिघींचा संघ होता. आता हिला तुझ्या बायकोच्या जागी घ्यायचंय. पण क्लबाचं पिस्तूल पार खिळखिळं झालंय. हे इथं पडून आहे. मूठ घासून दे हिच्या मापाची.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. क्लबात नेहमी असंच होतं. कुणी सोडून गेलं की त्याची मूठ माझ्याकडे यायची आणि मी ती दुसऱ्याच्या हाताला करून द्यायचो. ज्याचा हात घासून टाकला त्याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी पिस्तुलाची पेटी आणली. पोस्टातलीने मूठ धरून पाहिली. तिचा हात आत शिरेना. चापाला तिच्या बोटाचं नुसतं टोक पोचत होतं.

“असं मारलं तर सगळे डावीकडे ढकलले जातील,” मास्तर म्हणाले. “आतून भरपूर काढावं लागेल रे.”

मी मूठ शिकंज्यात बसवली आणि कानस घेतली. पोस्टातली शेजारी वाकून बघत होती.

“हे काय आहे हो आत?” तिने विचारलं. “रेषा दिसतायत.”

शेवटच्या लांबीवर कानस फिरलीच नव्हती. तळव्याच्या रेषा तशाच उमटलेल्या होत्या. करंगळीच्या पेराच्या सुरकुत्यासुद्धा.

मी कानस टेकवली आणि तशीच धरून उभा राहिलो.

“मिस्त्री,” पोस्टातली म्हणाली, “राहू द्या. मला क्लबाचंच बरंय.”

“काय बरंय?” मास्तरांना ऐकू गेलं नव्हतं.

“काही नाही मास्तर. तुम्ही चहा प्या.”

“पिस्तुलाने काय पाप केलंय?” मी म्हणालो. मी शिकंजा सोडवला, मुठीचा स्क्रू काढला, मूठ वेगळी केली. “पिस्तूल घेऊन जा. मूठ नवी करतो. लाकूड आहे माझ्याकडे.”

नवी मूठ करायची म्हणजे हाताचं माप घ्यावं लागतं. मी जाड कागद पसरला, तिने त्यावर हात ठेवला, मी कडेने पेन्सिल फिरवली. मग तळव्याची जाडी, बोटांचा घेर. तिचा हात गरम होता. कितीतरी दिवसांत मी कुणाचा हात हातात धरला नव्हता. ती तिच्या खिडकीवरच्या माणसांच्या गमती सांगत होती आणि मी हं हं करत होतो. माप घेऊन झालं तरी कागदावर मी दुसऱ्यांदा पेन्सिल फिरवली. तिने हात उचलला नाही.

मूठ चांगली झाली. मी स्वतःच्या कामाचं कौतुक करत नाही, पण ती चांगली झाली होती. रविवारी रेंजवर तिने ती धरली तेव्हा मास्तरांनी चारही बाजूंनी वाकून पाहिलं. हात वर होता, बेचकं भरलेलं होतं, बोट लाकडापासून सुटं होतं आणि पेराचा मऊ भाग नेमका चापावर टेकत होता. मास्तर नुसते “हं” म्हणाले, आणि ते सहसा तेवढंही म्हणत नाहीत.

तिने पाच छर्रे मारले. कागद ओढून जवळ आणला. पाचही एकमेकांना चिकटून बसले होते, एका नाण्याखाली झाकले जातील असे. पण काळ्या वर्तुळाच्या बाहेर, डावीकडे.

“मूठ चुकली का?” मी विचारलं.

“मूठ चुकली असती तर विखुरले असते.” मास्तरांनी तिला आणखी पाच मारायला लावले. पुन्हा तेच, तिथंच. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मागची साइट डोळ्यांजवळ धरली. नेम धरताना ज्या खाचेतून बघतात ती. ती एका बारीक स्क्रूने डावीउजवीकडे सरकते.

“ही कुणी एवढी डावीकडे नेऊन ठेवली?” ते म्हणाले. “माणसागणिक थोडा फरक पडतो. इतका नाही पडत.”

पोस्टातली छऱ्यांच्या डबीचं झाकण फिरवायला लागली. मला तिच्याकडे बघावं लागलं.

“तिने,” ती म्हणाली.

“कधी?”

“तुम्ही लांबी भरायचात ना, ती चार-आठ दिवस पुरायची. मग परत हात सैल पडायचा आणि छर्रे उजवीकडे जायचे. मग ती चष्म्याच्या स्क्रू-ड्रायव्हरने साइट सरकवायची. छर्रे मधे यायचे.” मग ती म्हणाली, “मी म्हटलं होतं तिला, मिस्त्रींना सांग की. तर म्हणाली, सारखं काय सांगायचं. तो माणूस रात्र रात्र झोपत नाही. कागद बघून तरी झोपतो.”

तो बारीक स्क्रू-ड्रायव्हर तिच्या पेटीत नेहमी असायचा. मला वाटायचं, दुकानातून चुकून आला असेल.

दाराला चिकटवलेले कागद माझ्या डोळ्यांसमोर आले. तुमचं काम, असं ती म्हणायची.

मास्तर पिस्तूल हातात धरून उभे होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्यांनी स्क्रूला हात लावला नव्हता. “आधी जागेवर आणायला लागेल,” ते एरवीपेक्षा हळू म्हणाले. “त्याशिवाय हिला मारता येणार नाही. पण तू सांग.”

“आणा,” मी म्हणालो.

“नक्की?”

“हिला मारायचंय ना. आणा.”

पेटीतला तिचाच स्क्रू-ड्रायव्हर मी त्यांना दिला. स्क्रू फिरवला की तो टिक असा वाजतो. एकेका टिकसरशी साइट केसभर सरकते. मास्तर फिरवत होते आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. मला वाटलं होतं, थोडक्यात संपेल. संपत नव्हतं. प्रत्येक टिक म्हणजे कुठला तरी एक दिवस होता. त्या दिवशी तिचा हात आणखी थोडा कमी झाला होता, आणि घरी येऊन ती मला म्हणाली होती, छान बसतेय मूठ.

मग पोस्टातलीने मारला. काळ्यात लागला. तिने वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते बरं वाटलं.

संघ पुढे कुठवर गेला वगैरे ते मला नंतर सांगतील. मी हल्ली बाकावर जाऊन बसतो, पण चहा संपला की निघतो. लेकीला सांगितलं, पिस्तूल देऊन टाकलं. ती म्हणाली, बरं झालं बाबा.

जुनी मूठ माझ्याकडे आहे. कामाच्या मेजावर, कानशींच्या शेजारी ठेवली आहे. मी ती कधी कधी धरून बघतो. माझा हात आत जात नाही. चापावरचं बोट तेवढं त्याच्या जागेत सरकतं, तेही अर्ध्यापर्यंत. तिथं कडेला लांबी वर आलेली आहे आणि ती बोटाला लागते.

ती कड घासायची राहिली आहे.