सहा वाजताचं बीपी

सतरा नंबरच्या खाटेवरच्या ड्रायव्हरकाकांचं संध्याकाळी सहा वाजताचं बीपी चिठ्ठीने दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी लिहून टाकलं. वरचं एकशे बावीस, खालचं अठ्ठ्याहत्तर. त्याच दमात दोनचं आणि चारचंही लिहिलं, आणि चार्ट खाटेच्या पायथ्याशी होता तसा अडकवला.

चिठ्ठी म्हणजे त्या वॉर्डातली पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर. कामांची यादी लिहिलेला कागद तिच्या ॲप्रनच्या खिशातून कायम डोकावायचा, म्हणून सीनियरने हे नाव ठेवलं होतं. आता आई सोडली तर तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आदल्या दिवशी सकाळी सातला ती कामावर आली होती, त्याला एकोणतीस तास होऊन गेले होते. त्यात झोप झाली पाऊण तास, तीही एक्स-रेच्या बाकावर, पेशंटचा नंबर लागेपर्यंत.

वॉर्डात खाटा बेचाळीस आणि बीपीची यंत्रं दोन, त्यातल्या एकाचा पट्टा फुगवला की सुटायचा. दर दोन तासांनी बीपी बघायचे पेशंट चौदा. एकाला चार मिनिटं धरली तरी छप्पन्न मिनिटं, म्हणजे दिवसातला जवळजवळ निम्मा वेळ नुसतं बीपीच घ्यायचं. बाकी रक्त काढणं, सलाइन लावणं, रिपोर्टच्या मागे धावणं, नातेवाइकांची बोलणी खाणं हे सगळं उरलेल्या निम्म्यात. चिठ्ठीने हा हिशेब पहिल्याच आठवड्यात मांडून पाहिला होता. तीनदा मांडला, उत्तर तेच आलं. तेव्हा सीनियरने तिला ‘पुढचं लिहून ठेवणं’ शिकवलं होतं. जे पेशंट स्थिर आहेत त्यांचेच आकडे पुढचे लिहायचे, सलग दोनदा सारखे टाकायचे नाहीत, शून्यावर संपणारे फार नकोत. पहिल्या वेळी तिने एकेक आकडा दोनदा विचार करून लिहिला होता. आता नोव्हेंबर उजाडेपर्यंत ती हे काम चालता चालता करायची.

बाराचं मात्र तिने खरंच घेतलं होतं. एकशे अठरा, शहात्तर.

“काय डॉक्टर, इंजिन कसं आहे?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं होतं. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. हृदयविकाराच्या झटक्याला तिसरा दिवस. अतिदक्षता विभागात दुसऱ्या पेशंटला खाट हवी होती म्हणून सकाळीच त्यांना इकडे आणलं होतं.

“चालतंय काका.”

“चालेल हो. तुमचंच जरा बघा. डोळे मिटून गाडी चालवताय.”

“अहो, गप्प बसा की,” स्टुलावर बसलेली त्यांची बायको म्हणाली. सकाळपासून वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणत होते. तीन दिवस ती हॉस्पिटलमधून हलली नव्हती. चिठ्ठी लिहीत होती तेव्हा ती मान वाकडी करून चार्टकडे बघत होती. “डॉक्टरीणबाई, एकदम एवढं सगळं लिहिता?”

“हो.”

“मी घरी जाऊन अंघोळ करून आले तर चालेल का हो?”

“सिस्टरांना विचारा,” चिठ्ठी म्हणाली, तेव्हा ती अठरा नंबर ओलांडून गेलीसुद्धा होती.

त्यानंतर फिट आलेल्या एका मुलीला सीटी स्कॅनला न्यायचं होतं. लिफ्ट बंद होती. स्कॅननंतर रक्तपेढी, आणि रक्तपेढीत खिडकीवर ‘जेवणाची वेळ’ अशी पाटी. परत येताना जिन्यात आईचा फोन आला.

“जेवलीस का गं?”

“हो.”

“काय जेवलीस?”

चिठ्ठीला पटकन काही सुचेना. वरचे-खालचे आकडे जसे बिनचूक सुचत, तसा एक साधा पदार्थ सुचेना. “आई, नंतर करते,” म्हणून तिने फोन ठेवला. तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि वॉर्डाच्या दारातून सिस्टर तिच्याच नावाने ओरडत होत्या.

सतरा नंबरची नाडी लागत नव्हती. चिठ्ठी खाटेवर चढली, छाती दाबू लागली. सीनियर धावत आला, नळी घातली, इंजेक्शनं दिली, दोनदा शॉक दिला. तीन छत्तीसला त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “उतर आता.”

ती खाली उतरली. सिस्टरांनी पडदा ओढला, पायथ्याचा चार्ट काढला आणि सीनियरसमोर नुसता धरला. बोट चारच्या ओळीवर, मग सहाच्या.

सीनियर चिडला नाही. चिडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. “नवीन कागद घे,” तो म्हणाला. “बारापर्यंत जसंच्या तसं उतरव. दोनचं एकशे दहा, सत्तर टाक.”

“दोनचं घेतलंच नाही, सर.”

“म्हणून सांगतोय ना. याच्या खाली नेऊ नकोस, मग विचारतील की उतरत होतं तर काय केलंस. आणि पेन तेच वापर.”

“दोनला बघितलं असतं तर?”

“तर तीनला गेलाच असता. हे झटकन होतं.”

कदाचित. कदाचित दोनला नाडी अडखळत असती, बोटाखाली कळली असती. कदाचित काहीच कळलं नसतं. एका माणसावर हा प्रयोग एकदाच होतो, आणि तो होऊन गेला होता. तिने नवीन कागद लिहिला. जुना सीनियरने फाडून जाळायच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकला, आणि ती चौदातल्या उरलेल्या तेरा जणांकडे वळली.

मावशींचा फोन लागत नव्हता. पावणेपाचला त्या स्वतःच आल्या. केस ओले, हातात इस्त्री केलेला शर्ट. सीनियरने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. त्या रडल्या नाहीत. कुणी चुकीचा पत्ता सांगितल्यावर माणूस बघतो तशा त्याच्याकडे बघत राहिल्या.

“पण सहाचं लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या.

सीनियरला समजायला क्षणभर लागला. “मावशी, तो अंदाज असतो. कधी कधी चुकतो.”

“असं होय. हवामानासारखं.”

“हो. तसंच.”

मावशी पडद्याआड गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या, मुलगा यायची वाट बघत. चिठ्ठी दोनदा त्यांच्यासमोरून गेली. तिसऱ्यांदा जाता येईना. खिशातल्या यादीत अकरा कामं बाकी होती, तरी ती त्यांच्याशेजारी बसली. एवढं एक सांगून टाकलं नाही, तर उद्या सकाळी या वॉर्डात आपण कोण म्हणून शिरणार, हे तिला कळत नव्हतं.

“मावशी, तो अंदाज नव्हता.”

“काय?”

“चारचं, सहाचं. मी न मोजता लिहून ठेवलं होतं. वेळ मिळत नाही म्हणून आम्ही लिहून ठेवतो. त्याला काही अर्थ नव्हता.”

मावशी मांडीवरच्या शर्टाची कॉलर नीट करत राहिल्या. “मला वाटलं तुम्हाला कळतं,” त्या अखेर म्हणाल्या. “एवढं शिकलेली पोर, सहापर्यंतचं लिहिते आहे, म्हणजे सहापर्यंत घोर नाही. म्हणून तर गेले. शर्टाला इस्त्रीसुद्धा करत बसले बघा. नाहीतर कशाला केली असती?”

चिठ्ठीला वाटलं, आता त्या ओरडतील, हात उगारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण मावशींनी तिच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, “आणि दोनचं?”

“दोनचं...”

“ते तरी घेतलंत ना? मी नव्हते तेव्हा कुणी आलं होतं ना त्यांच्याजवळ?”

व्हरांड्याच्या टोकाला कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक किरकिरत होतं. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत चिठ्ठी तिकडे बघत राहिली.

“हो,” ती म्हणाली. “दोनला मी आले होते.”

“किती होतं?”

“एकशे दहा, सत्तर.”

“काही बोलले का? त्यांची टकळी बंद म्हणून नसते.”

“झोपले होते. मी उठवलं नाही.”

“बरं केलंत,” मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांना आता कुठे पाणी आलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. खिशातला फोन वाजत होता. आत वॉर्डातून सिस्टर हाका मारत होत्या, आणि चिठ्ठीला तो हात सोडवूनही घेता येत नव्हता.