जेवल्याची रिंग

ॲप्रनच्या आतल्या खिशात फोन थरथरला आणि लगेच गप्प झाला. कॉलरने मान वर केली नाही. सुईखाली शर्टाच्या कॉलरीचं टोक वळवायचं होतं आणि सुपरवायझर दोन मशीनं सोडून उभा होता. तिने टोक वळवलं, धागा कापला, तुकडा टोपलीत टाकला आणि मग कुठे हसली.

"जेवली वाटतं आई," पलीकडच्या मशीनवरून काजाची मावशी म्हणाली. तिचे ओठ हललेच नाहीत. या शेडमध्ये बोलायची तीच रीत होती.

"जेवली."

"अगं, मघाशीही हसलीस की. एका दुपारी दोनदा जेवते होय?"

"जेवू दे ना मावशी. बळ येतंय तिच्या अंगात."

"नाहीतर तुझा भाऊ येडबंबू. दिलेली रिंग विसरून परत देतो."

दोघी खाली मान घालून हसल्या. मशीनांच्या आवाजात ते हसू पावसात पाणी मिसळावं तसं मिसळून गेलं.

त्या परक्या मुलखातल्या कारखान्यात माणसाला नाव नव्हतं. जो जे शिवी तेच त्याचं नाव. बाही, खिसा, पट्टी. ती कॉलरी शिवायची, म्हणून कॉलर. काजं करणारी मावशी तिच्याच भाषेतली, वयाने थोरली, म्हणून तिला तेवढं मावशीपण मिळालं होतं. दोघी एकाच खोलीत राहत, एकाच शेगडीवर भात शिजवत.

रिंगेचा नेम घालून दिला होता तो आईने. गावातल्या एकाला परदेशात कामावर असताना फोनवरून भावाच्या मरणाची बातमी दिली, आणि ऐकता ऐकता त्याचा हात मशीनमध्ये गेला. तेव्हापासून आईने धसकाच घेतला. लेक निघाली तेव्हा अंथरुणावरून उठून बसत ती म्हणाली होती, "माझं बरंवाईट कोणी तिला कामावर सांगायचं नाही. मी जेवले की एक रिंग द्यायची, तिने उचलायची नाही. रिंग आली की समजायचं, आई जेवली. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी खोलीवर जायचं, खाली बसायचं आणि मग घरी फोन लावायचा. उभ्याने नाही." तिथल्या तिथे तिने ओवीही जुळवली होती:

समुद्राच्या पल्याड गं, लेक माझी कामाला,
तिला सांगा जेवले मी, घोर नको जिवाला.

आईच्या जेवायला वेळकाळ नव्हता. दोन घास कधी भरदुपारी उतरत, कधी दिवस कलताना. रिंगही तशीच यायची. पण यायची.

तिच्या इथल्या नंबरावर आणखी एक फोन येई. इथलाच, कुणा म्हाताऱ्याचा. संध्याकाळी भाताला आधण ठेवलं की हा वाजायला लागे आणि वाजतच राही. उचलला की पलीकडे इथल्या भाषेत एक नाव घेई. कॉलरला भाषा येत नव्हती. ती आपली "नाही, नाही" म्हणून ठेवून देई. तो पुन्हा लावी. एका संध्याकाळी मात्र तिचा तोल गेला. फोन मावशीच्या हातात कोंबून ती म्हणाली, "विचारा त्याला, काय घोडं मारलंय मी त्याचं?"

मावशीला बाजारहाटापुरती भाषा येई. ती बराच वेळ बोलली, मग ऐकत राहिली.

"त्याच्या लेकीचा नंबर होता म्हणतो. भांडून घरातून गेली. दुकानदाराने तोच नंबर तुला दिला. मी म्हटलं, बाबा, ती नाही इथे. तर म्हणतो, वाजतो तर आहे."

"त्यांना म्हणावं, संध्याकाळी इथे माणसं कामाने मेलेली असतात. उगाच वाजवत बसू नका."

मावशीने सांगितलं. जरा मीठमिरची लावूनच सांगितलं. म्हातारा माफी मागत होता, हे भाषा न येणाऱ्या कॉलरलाही समजलं. त्यानंतर संध्याकाळी भात शांतपणे शिजू लागला.

त्याच सुमारास फोन बादलीत पडला. सुकवला, तांदळात पुरला. वाजायला लागला, बटणंही चालू झाली, पण पडदा काळाच राहिला. कोणाचा फोन आहे ते दिसेना. "दिसायचंय काय त्यात?" कॉलर म्हणाली. "घरचा नंबर पाठ आहे. नि मला फोन करणारं दुसरं आहे कोण?"

दुपारी दोन रिंगा यायला लागल्या त्या त्यानंतरच.

काही दिवस दोन आल्या. मग एका मंगळवारी एकच आली, बुधवारीही एकच. पुढेही रोज एक. "आला तुझा भाऊ ताळ्यावर," मावशी म्हणाली. त्या आठवड्यात मोठी ऑर्डर निघायची होती. जेवायची सुट्टी अर्धी झाली, डोळ्यांपुढे पांढऱ्या कॉलरी नाचू लागल्या. पण खिशात एकदा थरथर झाली की ती मनातल्या मनात म्हणे, जेवली गं बाई. आणि पाय पुन्हा पायदानावर पडे.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती न्हाली, केस मोकळे सोडून कॉटवर बसली आणि घरी फोन लावला. भिजल्यापासून त्या फोनचा आवाज इतका फुटका झाला होता की खोलीभर ऐकू जाई.

"काय रे, आईला कुठे बसवलंयस? उन्हात की आत?"

भाऊ म्हणाला, "आता करतेस होय ताई?"

"म्हणजे?"

"मंगळवारपासून रिंग बंद केली मी. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही त्या दिवशी. दर थोड्या वेळाने विचारायची, लेकीचा फोन आला का? बाबा म्हणायचे, येईल, खोलीवर पोचली की करील. गुरुवारी पहाटे गेली. मी म्हटलं, आता तरी करील. दुपारपर्यंत उचलली नाही आम्ही तिला. लोक म्हणाले, आता किती वेळ ठेवणार?"

कॉलरच्या हातातला कंगवा तसाच राहिला.

"मी तुला दुसऱ्याच्या फोनवरून लावणार होतो. बाबांनी हात धरला. म्हणाले, तिच्या आईचा नेम आहे, मोडू नको. तिला कळलंय. रडत असेल, रडू दे."

"अरे, पण रिंग..." ती बोलू लागली.

इतक्यात कानाशी टूक् वाजलं. दुसरा कुणीतरी तिचा नंबर लावत होता. एकदाच वाजलं आणि बंद झालं.

भाऊ तर फोनवर बोलत होता.

मावशीने शेगडीवरून मान वळवली. तिच्या हातातली पळी खाली आली. "अगं बाई," ती पुटपुटली, "मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं, वाजवत बसू नको. त्याने वाजवणं सोडलं नाही गं, नुसतं आखूड केलं. दे इकडे तो फोन. त्या मेल्याची सात पिढ्यांची..."

कॉलरने हात वर करून तिला थांबवलं. पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात जात होता. खोकला ऐकू आला. वडील.

"पोरी."

"बाबा."

"शेवटी तिला बोलता येत नव्हतं. मी कानात सांगितलं, लेकीला कळलंय गं, म्हणून फोन करायचा धीर होत नाही तिला. तशी तिने मान हलवली. मग निवांत झाली बघ." वडिलांनी आवाज खाली आणला. "खरंच कळलं होतं ना गं तुला? मी खोटं नाही ना बोललो तिच्याशी?"

मावशी मान हलवत होती, सांग, खरं काय ते सांग म्हणून. कॉलरने तिच्याकडे पाहिलं नाही.

"कळलं होतं बाबा. मंगळवारीच कळलं."

"मग झालं," वडील म्हणाले.

फोन पुन्हा भावाकडे गेला. त्याचा आवाज कोरडा होता. कळूनही जिने फोन केला नाही, त्या बहिणीशी बोलावं तितकाच.

"बाकी ठीक. ठेवू?"

"बाबा जेवले का?"

"नाहीत जेवत. ताट ठेवतो, उचलतो."

"ताट घे. फोन त्यांच्याजवळ ठेव."

"ताई, बिल किती होईल तुला..."

"ठेव म्हणते ना."

तिकडे जमिनीवर ताट ठेवल्याचा आवाज झाला. तिने फोन कानाशी घट्ट धरला. "बाबा, मी आहे इथे. घ्या घास. मी ठेवत नाही."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. मग ताटावर बोटं फिरल्याचा बारीक आवाज आला. मावशीने भाताखालचा जाळ बारीक केला आणि आवाज न करता दार ओढून ती बाहेर जाऊन उभी राहिली. ओल्या केसांचं पाणी पाठीवरून कॉटवर ठिबकत होतं. कॉलर हलली नाही. वडील एक घास चावत होते, आणि ती ऐकत होती.