घसा बसलेला माणूस

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून तो खुर्चीत टेकला, तेव्हा घशात आवाज म्हणून काही उरलंच नव्हतं. सकाळपासून प्रचाराच्या गाडीत बसून, माइक तोंडाशी धरून त्याने राष्ट्राध्यक्षांची कामगिरी गल्लोगल्ली ऐकवली होती.

"बाबा, बाईंनी घरी विचारून यायला सांगितलंय," लेक गुडघ्याशी येऊन म्हणाली. "राष्ट्राध्यक्षाला कोण निवडतं?"

"आपण."

"म्हणजे तुम्ही आणि आई?"

"आम्ही, तुझ्या बाई, खालचा न्हावी, आमचे गाडीमालक. ज्याचं त्याचं एक मत."

"मालकांचंही एकच?"

"एकच."

लेकीला हे फारच आवडलं. त्यालाही जरा बरं वाटलं. आज दिवसभरात त्याने सांगितलेलं कुणाला तरी पटलं होतं.

"मग आत्ताचे राष्ट्राध्यक्ष चांगले आहेत?"

"अगं, घसा बसलाय बाबांचा. नको पिडूस," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

"पण बाबाच तर ओरडतात, चांगले आहेत म्हणून!"

दुपारी गाडी कापडगिरणीवरून गेली होती. बायकोने तिथे उमेदीची सगळी वर्षं काढली होती. फाटकावरचं कुलूप गंजून लाल झालं होतं, आणि त्याच फाटकासमोर, हातातल्या कागदावर होतं तसंच, त्याने खड्या आवाजात वाचलं होतं, 'बंद पडलेल्या गिरण्या पुन्हा सुरू!' म्हातारा पहारेकरी स्टुलावरून मान वर करून बघत राहिला. ओळखीचा होता. त्याने हातही केला नाही.

"सांगा ना. तुम्ही कुणाला मत देणार?"

"ते सांगायचं नसतं, बाळा. आडोशाला एकट्याने जायचं, शिक्का मारायचा, बाहेर यायचं."

"मालकांनी विचारलं तर?"

"तरी नाही."

"आणि आईने?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. घोगऱ्या आवाजात, पण आत ऐकू जाईल इतपत, तो म्हणाला, "आईलासुद्धा नाही."

आतली भांड्यांची आदळआपट थांबली. बायको पदराला हात पुसत दारात आली आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने हे प्रचाराचं काम धरल्यापासून, गेला महिनाभर, ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. मग खुर्ची ओढून ती शेजारी बसली.

"अहो, उद्या मात्र जरा खणखणीत बोला," ती हळूच म्हणाली. "मालक स्वतः गाडीत असणार ना?"