देव्हाऱ्यातला बुद्ध

पितळेचा, अंगठ्याएवढा, आणि कपाळावर कुंकू. अजून ओलं होतं, म्हणजे आजच सकाळी लावलेलं. तेलात कालवलं असावं, कारण त्याचा एक बारीक ओघळ नाकावरून उतरून वरच्या ओठापाशी थांबला होता. मांडीवरच्या हातांत दोन अक्षता. डावीकडे रांगता बाळकृष्ण, उजवीकडे अन्नपूर्णा, मागं फ्रेममधला कळंबचा चिंतामणी, आणि या सगळ्यांच्या मध्ये हा... डोळे मिटून बसलेला. पुसून टाकावं असं ममताला वाटलं — ओढणीच्या टोकानं, पटकन, कुणी बघायच्या आत. पण मागं श्रेयसची आई उभी होती.

"खास तुझ्यासाठी आणला गं," रजनीकाकू म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात नागपूरला गेले होते ना, तेव्हा. म्हटलं, लग्न होऊन या घरात येशील तर तुझंही कुणीतरी हवं इथं. आणि तसे ते आमचेच की! नववा अवतार. आता रोज सगळ्यांबरोबर यांचीही पूजा होते."

"छान आहे, काकू," ममता म्हणाली.

छान. शब्द गेला आणि त्याची चव तोंडात राहिली — दूध नासलंय हे कळायच्या आत एक घोट पोटात जावा तशी. छान काय होतं त्यात? काकूंचा उत्साह छान होता, त्यांनी पितळ चिंचेनं घासून लख्ख केलं होतं ते छान होतं, आणि त्या इतक्या मनापासून हसत होत्या की त्यांच्या तोंडावर दुसरा कुठलाही शब्द फेकणं म्हणजे नीचपणा झाला असता. हीच तर पंचाईत. या घरातल्या माणसांनी जरा वाईट वागावं, एखादा टोमणा मारावा, चहाचा कप वेगळा काढावा, म्हणजे मला उठून जाता तरी येईल... पण नाही. ही माणसं भली होती, आणि त्यांच्या भलेपणाची शिसारी यावी इतकं आपण काय मोठे लागून गेलो, असं तिनं स्वतःला दरडावलं.

आणि खरंच, तिचा त्या मूर्तीवर हक्क तरी कुठला? ती विहारात जायची वर्षातून दोनदा, तेही आईनं टोचून बोलल्यावर पांढरी साडी नेसून. पंचशील म्हणताना तिसऱ्या-चौथ्याची तिची नेहमी अदलाबदल व्हायची, मग ती नुसते ओठ हलवायची. घरच्या बुद्धाच्या फोटोला बा रोज अगरबत्ती लावायचा, त्यावरही तिनं एकदा वाद घातला होता — बा, त्यानं स्वतःच सांगितलं की माझी पूजा करू नका, मग हे काय? बा म्हणाला होता, "वास चांगला येते म्हनून लावतो." तर मग अगरबत्ती चालते आणि कुंकू चालत नाही, हा कुठला न्याय? डोकं अगदी बरोबर चाललं होतं. हात मात्र ऐकत नव्हता, तो ओढणीच्या टोकाशीच घुटमळत होता.

श्रेयस बाहेरच्या खोलीत मोबाइलवर प्रेसवाल्याशी बोलत होता. दोन वर्षांपूर्वी पांढरकवड्याला शाळेच्या पोरांसाठी विज्ञान शिबिर होतं, तिथं तो भेटला. ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा, बोलताना हात हवेत फिरवणारा. ममता तेव्हा नुकतीच कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारीच्या कामाला लागली होती, आणि सुट्टीच्या दिवशी असल्या शिबिरांत चहा-नाश्त्याची व्यवस्था बघायची. संध्याकाळी सगळे आपापल्या घरच्या देवांबद्दल बोलत होते. श्रेयस म्हणाला, मी काहीच मानत नाही. ती म्हणाली, मी पण. "मग आपला धर्म एकच झाला की," तो म्हणाला, आणि दोघं हसले. त्या एका वाक्यावर ती दोन वर्षं जगली होती. कुणी विचारलंच — आणि विचारत सगळेच होते, केंद्रावरच्या बायकासुद्धा, 'तो आपल्यातला नाई ना?' — तर ती मनात ते वाक्य म्हणायची. एकच आहे आमचा.

कारण 'आपल्यातला'ही तिनं बघितला होता. दारव्ह्याचा धम्मरत्न, इंजिनिअर, शांत, नाकी-डोळी नीटस. त्याच्या घरी बघण्याचा कार्यक्रम त्रिशरण म्हणून सुरू झाला. सगळे हात जोडून उभे, तिचा बा डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणत होता, आणि तिला वाटलं होतं, हे बरं आहे, इथं काही समजावून सांगावं लागणार नाही. मग सगळे खाली बसले, पोहे आले, आणि पोह्यांचा पहिला घास घेता घेता धम्मरत्नाचे वडील बाला म्हणाले, "बाकी सगळं ठीक हाये. तुमी बावने का लाडवन?" पन्नास वर्षं झाली होती दीक्षेला. भिंतीवर फोटो होता. फोटोखाली बसून माणूस पोटजात विचारत होता, आणि धम्मरत्न खाली बघून पोह्यातले शेंगदाणे वेगळे काढत होता. परतताना जीपमध्ये तिला तेव्हाही अशीच ओकारी आली होती, जीपच्या धुरावर तिनं ती ढकलली.

म्हणजे धर्म एक असून भागत नाही, हे तिथं कळलं. आणि इथं... इथं काय कळत होतं?

"चल, पानं घेतली," काकू म्हणाल्या. आधी देवांचा नैवेद्य. काकूंनी शिऱ्याच्या चार वाट्या मांडल्या, पाणी फिरवलं, हात जोडले. मग पितळेच्या बुद्धापुढची वाटी उचलून आणली आणि ममताच्या ताटात ठेवली. "ही तुझी." शिरा गोड होता, तूप सुटलेला, वर काजू. ती खात गेली. दर घासाला वाटे, आता गिळता येणार नाही, आणि दर घास गिळला जाई. माणूस काय काय गिळू शकतो, म्हणजे सभ्यपणापायी! काकूंनी आणखी वाढला तेव्हा तिनं नको म्हटलं नाही.

श्रेयसचे वडील नंदकिशोरकाका जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. ताटाशेजारी पेपर घेऊन बसायची त्यांची सवय. "काल चार," ते म्हणाले. त्या वर्षांत यवतमाळात कुणी असा नुसता आकडा म्हटला की कशाचा, हे विचारावं लागत नसे. "कापसानं वाट लावली जिल्ह्याची. लोणचं सरकव गं. ममता, तुमच्या केंद्रावर काय भाव देऊन राह्यले सध्या?" तिनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पान उलटलं. त्यांच्या आवाजात वाईट काही नव्हतं. चार शेतकऱ्यांनी जीव दिल्याचं त्यांना वाईटही वाटलं होतं, लोणचं येईपर्यंत. तिला त्यांच्या बोटांकडे बघवेना, लोणच्याच्या तेलानं पिवळी झालेली बोटं आणि त्या पिवळ्या बोटांचे पेपरावर उठलेले डाग. आणि रोज सकाळी केंद्रावर गाड्यांची रांग बघून तिलाही आधी काय आठवायचं? आज घरी जायला उशीर होणार, हे. मग ती काय काकांपेक्षा वेगळी... जाऊ दे.

एक गोष्ट मात्र कामानं शिकवली होती. गाडीतला कापूस वरवर कधी बघायचा नाही. वर सगळेच पांढराशुभ्र ठेवतात. कोपरापर्यंत हात घालून आतला मूठभर ओढून काढायचा, मग कळतं की ओल किती आहे, कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, किती मिसळली आहे. श्रेयसच्या बाबतीत तिनं असा हात कधी घातला नव्हता. वरचाच कापूस इतका चांगला होता की भीती वाटली होती.

जेवणं झाल्यावर त्यानं पत्रिकेचा नमुना काढला. लग्न रजिस्टर होणार होतं, पुढच्या महिन्यात. तेवढ्यावर दोन्ही घरांचं जमलं होतं, ना मंगलाष्टकं, ना भंतेजी. संध्याकाळी स्वागत समारंभ, त्याची ही पत्रिका. प्रेसवाला चार वाजता छापायला घेणार होता. ममतानं एकदा वाचून होकार दिला की झालं.

ती वाचू लागली. कागद गुळगुळीत, अक्षरं तांबडी. तिचं नाव बरोबर होतं. त्याखाली — श्री. उत्तमराव यांची कन्या.

उत्तमराव कोण?

"ते मी सुचवलं," नंदकिशोरकाका म्हणाले. "ऑफिसातले जुने साहेब येतील, त्यांच्या घरच्या मंडळी येतील. उकंडा म्हटलं की लोक कसे बघतात, तुला माहीतच आहे. तुझ्या वडिलांनाच अवघडल्यासारखं व्हायला नको. पहिलं अक्षर तेच ठेवलंय बघ."

पहिलं अक्षर तेच ठेवलं होतं. काळजीपूर्वक.

बाच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून बा जन्मला तेव्हा आजीनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि केरासारखा सुपात भरून परत आणला — मरणाला वाटावं, हा कचरा आहे, हा कशाला न्यायचा. उकंडा म्हणजे उकिरडा, तेच नाव. मरीमायला नवस बोलला होता, रोज दिवा लावला जाई, आणि त्या दिव्यावर पोर जगलंय, याची आजीला खात्री होती. मग छप्पन साल आलं. आजा नागपूरहून दीक्षा घेऊन चालत, गाड्या बदलत परतला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं भिंतीतल्या देवळीतले सगळे देव पाटीत भरले, शेंदराचे दगड, चांदीचा एकुलता एक टाक, मरीमायसुद्धा, आणि नदीत सोडायला निघाला. आजी दारात आडवी पडली. दहा वर्षांच्या बाला छातीशी धरून ती ओरडत होती, हा मरन, हा मरन आता! बा सांगायचा, "माह्या बाचे पाय कापत होते. त्यालेबी वाटत होतं का मी मरन. तरी गेला." तो तिला ओलांडून गेला. परत आला तेव्हा त्यानं रिकाम्या देवळीत कंदील ठेवला. दोन महिने गावात कुणी कामाला बोलावलं नाही. मिठासाठी कळंबपर्यंत चालत जावं लागलं. आणि रोज रात्री तो उठून बाच्या नाकाशी हात धरून बघायचा, श्वास चाललाय ना.

'मी काहीच मानत नाही.' श्रेयसनं हे म्हटलं तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. त्यानं घरी येऊन हेच सांगितलं असेल, तेव्हा काकू हसून म्हणाल्या असतील, बरं बाबा, नको मानूस, हात धुऊन जेवायला बस. त्याचं न मानणं फुकट आलं होतं, घरच्या भाकरीसारखं. आणि मी मूर्ख, दोन वर्षं त्याचं आणि माझं एकच समजत होते... 

"बाला विचारलं का?" तिनं विचारलं.

"अगं, त्यांना आवडेलच," काकू आतून म्हणाल्या.

बा काय म्हणेल ते तिला ठाऊक होतं. तो हसेल. म्हणेल, "ठेवा ना, मले काय होते?" लग्न ठरलं त्या दिवशी त्यानं एकच विचारलं होतं, "त्या घरात तुले कोनाच्या पाया पडा लागन का?" आणि ती म्हणाली होती, नाही बा, तो काहीच मानत नाही. बाला ते फार आवडलं होतं. शेजारी उठून सांगून आला होता.

तिच्या तोंडात शिऱ्याचं तूप पुन्हा वर आलं.

श्रेयसनं पेन पुढं केलं. तो वैतागला नव्हता, उलट समजुतीनं हसत होता, शिबिरात एखाद्या घाबरलेल्या पोराला प्रयोग समजावून सांगताना हसायचा तसा. "नाव तर आहे, ममता. तू कुठं असलं काही मानतेस?"

"मानते," ती म्हणाली.

काकूंची भांडी वाजायची थांबली. नंदकिशोरकाकांनी पेपर खाली घेतला. श्रेयस अजून हसत होता, पण ते हसू आता नुसतं तोंडावर राहिलं होतं. "काय मानतेस?"

ते तिला सांगता आलं नसतं. पेन त्याच्या हातात तसंच होतं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे, दोन वर्षं मनापासून आवडलेल्या त्या चेहऱ्याकडे बघताना तिच्या ध्यानात आलं की त्या कुंकवापासूनची शिसारी आता या चेहऱ्यापर्यंत पोचली आहे. सकाळपासून ती वाट बघत होती, ही किळस कधी जाते याची. आणि ती जाईलही. चांगली माणसं आहेत. महिन्याभरात सवय होईल, वर्षभरात मीच रोज पितळ घासून लख्ख करीन, आणि मला काहीच वाटणार नाही... हे लख्ख दिसलं, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच तिला भीती वाटली.