अक्कांच्या डब्यातली साखर

माझे सासरे जयसिंगराव घड्याळांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं होते. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारी त्यांची बोटं निवृत्तीनंतरही कधी थरथरली नाहीत. म्हणून संक्रांतीच्या दुपारी त्यांच्या चिमट्यातून तोच बारका स्क्रू तिसऱ्यांदा निसटला, तेव्हा मी काकडी कोचायची थांबले.

"अण्णा, उजेड कमी पडतोय का?"

"तुला काय करायचंय?" ते खेकसले.

या घरात येऊन मला चार महिने झाले होते. अण्णा मला 'ऋचाबाळ' म्हणत, आणि गल्लीतल्या मांजरालासुद्धा 'बाजूला व्हा' म्हणत. 

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हात हलवला. त्यांचं नाव सोयराबाई, पण सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. "आत ये गं. हे तापले की आम्ही दार ओढून घेतो. स्वल्प वेळ गेला की आपोआप उतरतो राग. पुण्याची आहेस, शिकशील हळूहळू."

मी दार ओढलं, पण फटीशी उभी राहिले. रागावलेला माणूस लाल होतो, अण्णा तर चुन्यासारखे पांढरे पडले होते. जानेवारीची गार हवा, वर पंखा, तरी मानेवरून घाम ओघळत होता. ते घड्याळाला किल्ली देत होते. किल्ली शेवटाला पोचली तरी देतच होते.

हा राग नव्हे, दुसरंच काहीतरी आहे, असं वाटलं. आत जाऊन मी त्यांचा हात धरला. ओला आणि गारठलेला.

"अण्णा, आज वार कुठला?"

त्यांनी फार वेळ विचार केला. "आज कारखान्याला सुट्टी," ते म्हणाले. कारखाना सुटून अकरा वर्षं झाली होती.

"अक्का, सकाळी इन्सुलिन घेतलं ना यांनी?"

"घेतलं की, आठ वाजता."

"आणि खाल्लं काय?"

"सणाला सगळे पंगतीला बसल्याशिवाय हे घास घेत नाहीत, ठाऊक आहे नं तुला." आणि पंगत अडली होती माझ्या नवऱ्यापायी. विराटला सणाच्या दिवशीही ऑफिसनं बोलावलेलं, आणि आता तो बेळ्ळंदूरच्या सिग्नलला गाड्यांत रुतला होता. दीड वाजत आला होता.

मी साखर मोजायचं यंत्र आणलं, अण्णांचं बोट टोचलं. चोपन्न. सत्तरच्या खाली गेली की धोका, हे मला माझ्या आत्यामुळे पाठ होतं. गिळता येतंय तोवर साखरपाणी द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं.

फडताळातला 'साखर' लिहिलेला डबा काढला, तीन चमचे पाण्यात ढवळले. चमचा जरा हलका लागला हाताला. का, ते विचारायला सवड नव्हती. अण्णा कुरकुरत प्यायले.

टेबलावर सहा घड्याळं होती, सहाही वेगळ्या वेळेची. मी मोबाईलवर पंधरा मिनिटं लावली. अक्का अण्णांच्या पायाशी बसल्या आणि दळणाच्या चालीवर पुटपुटू लागल्या,

थांब थांब सूर्यदेवा, डोंगराच्या अल्याड
माझा धनी गेला बाई, घडीभर पल्याड

पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. एकोणपन्नास.

वाढायची तर उतरली कशी? मी डबा उघडला, चिमूटभर जिभेवर ठेवलं. गोड होतं. पण ती गोडी जिभेवर रेंगाळतच राहिली, आणि शेवटी कडसर झाली.

"अक्का, ही कसली साखर?"

अक्का अण्णांकडे न बघता म्हणाल्या, "साखर नव्हे गं ती. डॉक्टरांनी बंद केली, आणि हे चहात साखरच पाहिजे म्हणून हटून बसले. मग पावडर आणली. डबा तोच ठेवला. दोन वर्षं झाली."

"नैवेद्याचा गोड भातसुद्धा हिचाच?"

"देवाला सांगितलं होतं मी."

"घरात खरं गोड काहीच नाही?"

अण्णांची मान खाली लवायला लागली होती. मी त्यांना हाक मारली, त्यांनी 'हूं' केलं. "यांनी ओ दिली नाही तर तोंडात थेंबही घालायचा नाही," मी अक्कांना म्हणाले आणि १०८ लावला.

पलीकडचा माणूस पत्ता विचारत होता तेवढ्यात अक्का उठल्या, स्टूल ओढलं, फ्रिजवरच्या रुमालाखालचं ताट काढलं. शेजारच्या नागराजांच्या सौम्यानं सकाळी आणलेलं एळ्ळु-बेल्ल, म्हणजे इकडचा कानडी तिळगूळ. त्यात तीळ, गूळ, खोबरं, आणि मधोमध साखरेचा पांढरा पोपट. अण्णांच्या नजरेस पडू नये म्हणून अक्कांनीच ते वर चढवलेलं.

अक्कांनी पोपट वरवंट्यानं फोडला, कोमट पाण्यात विरघळवला आणि एकेक घोट करत स्वतः पाजला. "गिळा. अहो, गिळा की. पुढे हवं तेवढं ओरडा माझ्यावर."

अॅम्ब्युलन्स यायच्या आधी यंत्रानं ब्याऐंशी दाखवलं. आलेल्या नर्सनं पुन्हा मोजलं, आता पोटभर जेवू द्या, डॉक्टरांना आजच फोन करा, असं सांगितलं. विराटची वाट न बघता अण्णा जेवले. या घरातला तसा तो पहिलाच सण असावा.

जेवताना अण्णांना प्रश्न पडायला लागले. गेलेला पाऊण तास त्यांना आठवतच नव्हता.

"मी काय बोललो, ऋचाबाळ?"

"कारखान्याला सुट्टी म्हणालात."

"आणि रागावलो?"

"थोडे."

"म्हणजे राग नव्हता तो," ते स्वतःशीच म्हणाले. "आधीही किती वेळा असंच झालं असेल, आणि तुम्ही दार ओढून घेतलंत." मग पुन्हा, "पण पहिल्या साखरपाण्यानं का नाही चढली?"

काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली असती. पण अक्काच बोलल्या. सगळं सांगितलं, देवाला कळवल्याचंही.

अण्णांचा घास हातातच राहिला. "रोज विचारायचीस, साखर बरोबर आहे का. आणि मी बरोबर म्हणायचो."

"हो."

"दोन वर्षं."

"हो."

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "उद्यापासून चहा फिका दे मला. आणि त्या डब्यात खरी साखर भर. पुन्हा असं झालं तर डब्यावर जे लिहिलंय तेच डब्यात असलं पाहिजे."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर अण्णा त्यांच्याशी बोलले नाहीत. तासाभरानं पुन्हा मोजायचं होतं. मी यंत्र घेऊन गेले तर अण्णांनी मला मानेनंच नको म्हटलं, आणि डावं बोट अक्कांपुढे धरलं.

बोट टोचायची सुई अक्कांनी कधी हातात धरली नव्हती. त्यांनी चष्मा लावला.