एक आणि सोळा

नागसेन गुरुजींनी पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की साक्षीच्या कॉम्प्युटरचा माऊस घसरून वायरीला लोंबकळला.

"उघड. पहिल्या पानावर काय आहे ते बघ."

साक्षीने उघडलं नाही. तिला ठाऊक होतं. रंगीत मुखपृष्ठ सरळ होतं. ते उलटलं की समोर 'समाप्त' येत होतं. आतली सोळाही पानं शेवटाकडून सुरुवातीकडे गेली होती.

"पोरांनी लिहिलेल्या पुस्तिकेच्या तीनशे प्रती. उद्या दहा वाजता चाकूरच्या शाळेत वाटायच्या आहेत. पहिलं पान चौथीतल्या महामायाचं. विहिरीवर लिहिलंय तिनं. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय पोरीनं. उद्या तिची आई पान उलटणार आणि तिला काय दिसणार? समाप्त!"

मशीनपाशी उभा असलेला गुरुलिंग चिंधीला हात पुसत पुढे आला. लातुरातला हा छापखाना त्याच्या वडिलांपासूनचा.

"मी म्हणलो होतो का न्हाई? हातानं पानं लावायली होतीस, बरं चाललं होतं. मग हिला सॉफ्टवेअर पाहिजे झालं. आपोआप पानं लावतंय म्हणं!"

साक्षीने तीन सॉफ्टवेअर बघितली होती. एकात मराठी जोडाक्षरं फुटत होती. दुसरं इंटरनेट गेलं की अडकायचं, आणि इंटरनेट दिवसातून चारदा जायचं. हे तिसरं तिला पटलं होतं. पंधरा दिवस वापरून बघायची मुदत आज संपत होती.

"पाच वाजता त्या कंपनीचा फोन येणार हाय," गुरुलिंग म्हणाला. "नको म्हणून सांगतो. आन् तू बी उद्यापासून घरीच बस."

साक्षीने माऊस वर उचलून ठेवला.

गुरुजी आणखी भडकले. "आठ वर्षं झाली इथं तुला. आणि चौथीत काय शिकवलं होतं मी? आण कोरे कागद."

तिने हलायच्या आतच त्यांनी रद्दीतून चार कागद ओढले, एकात एक घालून मधोमध दुमडले आणि पेनाने पानापानावर आकडे टाकले. तीस वर्षं ते वर्गात हेच करत आले होते. मुलांच्या हस्तलिखिताची पहिली पायरी. मग त्यांनी घडी उलगडून सगळ्यात बाहेरचा कागद तिच्यापुढे धरला.

"हे बघ. एक आणि सोळा शेजारी. सोळा डावीकडे, एक उजवीकडे. पहिलीतलं पोरही सांगेल. तुमचा छापलेला नमुना कुठाय?"

"राहू द्या, गुरुजी."

"का राहू द्या?"

कीबोर्डखालून कागदाचं टोक दिसत होतं. साक्षीने त्यावर तळहात ठेवला. गुरुजींनी तो कागद ओढून काढला. एक डावीकडे होता, सोळा उजवीकडे.

"त्याच्या आधी उर्दू शाळेची पुस्तिका केली होती," ती खाली बघत म्हणाली. "ती उजवीकडून बांधायची असते. ते सेटिंग बदलायचं माझ्याकडून राहिलं."

"आणि छापायच्या आधी कुणाच्याच लक्षात..."

गुरुजी थांबले. कागदाच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलं होतं : तपासले. छापावे. खाली सोमवारची तारीख आणि सही. त्याला टाचलेल्या दुसऱ्या कागदावर त्यांच्या मनोगतात एक वेलांटी दुरुस्त केलेली होती. सोमवारी एसटीतून उतरून ते याच खुर्चीवर बसले होते. सगळ्यात आधी त्यांनी आपलं मनोगत शोधलं होतं.

गुरुलिंगने सही पाहिली नव्हती. साक्षी पडद्याकडे बघत होती. कागद कीबोर्डखाली का होता, ते गुरुजींना आता कळलं.

त्यांनी कागद फिरवून गुरुलिंगपुढे ठेवला.

"ही सही वाच."

"तुमची हाय की." गुरुलिंग घुटमळला. "तरी बी गुरुजी, सेटिंग तर हिनंच..."

"तिनं चुकवलं. पण तपासायला मी बसलो होतो. आणि घडीचा नमुना करायचं कुणी बंद केलं?"

गुरुलिंगची नजर भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली. प्रत्येक कामाची दुमडलेली कोरी पुस्तिका, आकडे टाकून, त्याला टोचलेली असायची. पंधरा दिवस खिळा रिकामा होता. आता कॉम्प्युटर करतंय, कागद कशाला नासवायलीस, असं तोच म्हणाला होता.

"माझी चूक हाय. मी न्हाई म्हणत न्हाई," साक्षी एकदम बोलली. "पण तुम्ही दोघं मघापासून माझ्यावरच ओरडायलाव. गुरुजी, पाढा चुकला तरी चौथीत असं ओरडला नव्हता तुम्ही. कधीच न्हाई."

गुरुजींनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग उगाचच सरळ केला.

गुरुलिंग खाकरला. "मी मशीन परत लावतो. पर फोनवर काय सांगू, गुरुजी? हे सॉफ्टवेअर ठेवायचं का काढायचं?"

"मला काय विचारतोस? साक्षीबाईंना विचार."

साक्षीने मान वर केली नाही. "ठेवायचं," ती म्हणाली. "आन् तो खिळा बी ठेवायचा."

तिने बांधणीची बाजू बदलली. पडद्यावर पानं जागा बदलून बसली. प्रिंटरमधून चार कागद बाहेर आले. ते तिने गुरुजींसमोर ठेवले. त्यांनी सवयीने सहीसाठी हात पुढे केला.

"आधी घडी," ती म्हणाली.

गुरुजींनी चष्मा वर सरकवला, कागद एकात एक घातले, मधोमध दुमडले आणि नखाने घडी दाबली. मग एक एक पान उलटून मोठ्याने आकडे वाचू लागले. सोळा होईपर्यंत पेन तिने आपल्याच हातात ठेवलं.